बचावफळीतील कर्णधार

हॉकीत गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. गोल अडवणाऱ्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. चेन्नईच्या लॉयोला महाविद्यालयात शिकलेले वासुदेवन भास्करन अशाच जागेवर, हाफबॅक म्हणून खेळत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी घसरला. त्या संघात भास्करन होते.

चार वर्षांनी मॉस्कोत ते कर्णधार झाले. बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ आले नव्हते. तरीही २९ जुलै १९८० चा अंतिम सामना सोपा नव्हता. भारताने तीन गोलांची आघाडी घेतली, पण स्पेनने दोन गोल फेडले. महंमद शाहिद यांनी चौथा गोल केला. स्पेननेही तिसरा केला. उरलेला वेळ बचावफळीने निभावून नेला. भारताला हॉकीतील आठवे सुवर्णपदक मिळाले. १९८१ मध्ये भास्करन पद्मश्रीने सन्मानित झाले.

पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या वाट्याला असे यश आले नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये भारत सातवा आला. तरी त्यांनी पुन्हा ती जबाबदारी स्वीकारली. २००६ च्या विश्वचषकात संघ अकरावा आला. विजयाचे श्रेय सर्वांत वाटले जाते, पराभव मात्र प्रशिक्षकाच्या पदरी पडतो. हे ठाऊक असूनही पुढे होणे, हाही बचावपटूचाच धर्म होय.