सूचनापत्रकांतील ठळक अक्षरे

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या शाळांतून पत्रके निघू लागतात. पूर्वी ती कागदावर बोरूने वा कुंचल्याने लिहिली जात. आज ती बहुधा मोबाईलवर तयार होतात व पालकांच्या व्हॉट्सॲप गटात धाडली जातात. मोबाईलमध्ये जाड, फुगीर, सावलीदार अशी नाना वळणांची अक्षरे फुकट मिळतात. त्यामुळे पत्रकातील प्रत्येक ओळ ठळक करण्याचा मोह होतो. परंतु ज्या वर्गात सर्वच मुले एकदम ओरडतात, तेथे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. पत्रकाचेही तसेच आहे. ठळक अक्षर म्हणजे चढा आवाज होय. तो केव्हा चढवावा याचा विवेक शिक्षकास हवा.

ठळक अक्षराचा उगम

ग्रंथातील अक्षर दीर्घकाळ वाचण्यासाठी असते, तर जाहिरातीतील अक्षर वाटसरूला थांबविण्यासाठी असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील ओतशाळांनी या दुसऱ्या कामासाठी अतिजाड ठसे ओतावयास आरंभ केला. मोठे ठसे शिशाचे केले तर ते जड व महाग पडत. म्हणून लाकडी ठसे पुढे आले. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२८ मध्ये अशा लाकडी ठशांचा नमुनासंग्रह प्रसिद्ध केला. मराठीत शीर्षकाच्या अक्षरांना खरी प्रतिष्ठा लाभली ती नाटकांच्या जाहिरातींमुळे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हाताने रेखाटलेली नाटकांची नावे वृत्तपत्रांतून रसिकांच्या ओळखीची झाली. तेथेही नाटकाचे नाव तेवढे मोठे असे. तारीख, वेळ व नाट्यगृह साध्या अक्षरांत येत. हा धडा आजही उपयोगी आहे.

देवनागरीची विशेष अडचण

देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात. खाली उकार येतात. रेघ जाड केली की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आकसते. 'ब' आणि 'व' यांत भेद आहे तो पोटातील एका तिरप्या रेघेचा. 'ष' आणि 'प' यांतही तसाच. ते पोट काळे झाले की 'बारा' व 'वारा' यांतला फरक ओळखू येत नाही. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत मिसळला तर 'चिंता'ची 'चिता' होते. सर्वांत मोठा धोका अंकांचा आहे. काही जाड वळणांत १ व ९ हे अंक लहान पडद्यावर सारखेच भासतात.

हा दोष केवळ सौंदर्याचा नव्हे. समजा, प्रवेशासाठी ९ तारीख दिली आहे आणि नव्यानेच अक्षरओळख झालेल्या एखाद्या आजीबाईंनी ती १ अशी वाचली. त्या नातवाचा हात धरून, दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येतील आणि दार बंद पाहून परत जातील. चूक पत्रकाची असूनही 'आपल्यालाच वाचता येत नाही' असे त्यांना वाटेल. साक्षरतेच्या मार्गात याहून वाईट अडथळा क्वचितच असेल.

मांडणीचे नियम

१. एका पत्रकात एकच गोष्ट अतिठळक असावी. तीही दोन ते चार शब्दांची. उदाहरणार्थ, 'पहिलीचा प्रवेश'.

२. तारीख, वार, वेळ व स्थळ मोठ्या पण मध्यम जाडीच्या अक्षरांत द्यावे. तारखेबरोबर वार अवश्य लिहावा. एक चुकले तर दुसरे सावरून घेते.

३. उरलेला मजकूर साध्या अक्षरांत असावा. एकाच घराण्याच्या निरनिराळ्या जाडींची अक्षरे वापरल्यास पत्रकात एकजिनसीपणा येतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' हे वळण बारीक ते अतिजाड अशा सात जाडींत उपलब्ध आहे. त्याच संस्थेच्या 'मोदक' या वळणात अक्षराच्या पोटात फटीएवढीच जागा उरते. ते एखाद्या शब्दाच्या शीर्षकाला शोभते, परिच्छेदाला नव्हे.

४. ज्या वळणाची जाड आवृत्ती मुळात घडविलेलीच नाही, त्याला केवळ बटण दाबून जाड करू नये. तेव्हा यंत्र रेघांना सरसकट फुगविते आणि जोडाक्षरे बुजतात.

५. दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडू नये.

६. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षर, एवढे रंगाचे धोरण पुरे.

७. चित्ररूप पत्रकासोबत तोच मजकूर साध्या संदेशातही लिहावा. ज्यांना दिसत नाही व ज्यांचा मोबाईल मजकूर वाचून दाखवितो, त्यांच्यापर्यंत चित्रातील अक्षरे पोहोचतीलच असे नाही.

वर्गपाठ

हा पाठ इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांना सहज घेता येईल. एकच सूचना दोन कागदांवर लिहावयास सांगावी: एकावर सर्व ओळी जाड, दुसऱ्यावर केवळ शीर्षक जाड. दोन्ही कागद ओसरीच्या एका टोकाला लावावेत. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या तिसरीच्या मुलाने ते वाचावेत; कोठे अडखळला याची नोंद मोठ्या मुलांनी करावी. नंतर जाड लेखणीने 'ब', 'व', 'ष', 'प' व १, ९ हे काढून कोणत्या जाडीला त्यांतील भेद नाहीसा होतो, ते पाहावे. अक्षराचे सौष्ठव त्याच्या काळ्या रेघेइतकेच आतल्या पांढऱ्या जागेवर अवलंबून असते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी उमगेल.

स्वाध्याय

शाळेने गतवर्षी काढलेले एखादे पत्रक शिक्षकांनी पुन्हा पाहावे. त्यातील किती ओळी ठळक आहेत, हे मोजावे. मग ते मोबाईलवर लहान करून, गावातील नवसाक्षर व्यक्तीस दाखवावे व एवढेच विचारावे, 'कधी यायचे आहे?' उत्तर न अडखळता आले, तर पत्रक चांगले. न आले, तर दोष वाचणाऱ्याचा न मानता पत्रक पुन्हा लिहावे.