पासबुकातले 116 रुपये : अटल पेन्शन वाढवायची असेल तर आताच बघा



मागे एक सभासद सोसायटीत पासबुक घेऊन आले. 2015 साली अटल पेन्शन योजना निघाली, तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि लगेच बँकेत फॉर्म भरून आले होते. साठीनंतर महिना पाच हजार मिळणार, असं इतकी वर्षं घरात सांगत होते. आम्ही पासबुक उघडलं तर दर महिन्याला कापले जात होते 116 रुपये. तिसाव्या वर्षी घेतलेल्या हजार रुपये पेन्शनचा हा हप्ता. पाच हजाराचा हप्ता असतो 577. फॉर्मवर खूण कुठे झाली हे त्यांनी पाहिलं नाही, काउंटरवर कुणी विचारलं नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

या योजनेत पेन्शनचे पाच टप्पे आहेत : 1000, 2000, 3000, 4000 आणि 5000. साठ वर्षं पूर्ण झाली की निवडलेली रक्कम दर महिन्याला, आणि हमी केंद्र सरकारची. माणूस गेला तर तेवढीच पेन्शन नवऱ्याला किंवा बायकोला मिळते. दोघंही गेल्यावर साठलेली रक्कम वारसाला, पाच हजारवाल्याची साधारण साडेआठ लाख.

आता मुख्य गोष्ट. टप्पा कमी पडला असेल तर तो वाढवता येतो. वर्षातून एकदा, कुठल्याही महिन्यात बँकेत अर्ज द्यायचा. मात्र मागच्या वर्षांच्या हप्त्यांतला फरक व्याजासकट भरावा लागतो. जेवढा उशीर, तेवढा हा फरक फुगतो. त्या सभासदांना आम्ही म्हटलं, आधी बँकेकडून फरकाचा आकडा कागदावर घ्या. एकदम पाच हजार जमत नसेल तर तीन हजारावर या. हजार रुपयांत आज घरचा बाजार किती दिवस पुरतो, ते घरातल्या बाईला विचारा. वीस वर्षांनी काय होईल ते सांगायला नको.

नवीन खातं 18 ते 40 वयातच उघडतं. पंचविसाव्या वर्षी सुरू केलं तर पाच हजारासाठी महिना 376, म्हणजे 35 वर्षांत 1,57,920 रुपये. एकोणचाळिसाव्या वर्षी तोच हप्ता 1318, आणि 21 वर्षांत 3,32,136 भरावे लागतात. पेन्शन तीच, पैसे दुपटीहून जास्त. आमची पोरं पहिल्या सीझनच्या पैशातून मोबाईल घेतात, घेऊ देत, पण त्यातच हे खातंही उघडून द्या. चाळिशी उलटलेल्यांना एनपीएस आहे, पण त्यात ठरलेल्या रकमेची हमी नाही.

आपल्या धंद्यात घोटाळा होतो तो पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै बंदी, खात्यात खडखडाट, आणि हप्ता परत जातो. उशिराला शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड लागतो. तो फार नाही. पण एकदा चुकला की माणूस सोडूनच देतो, आणि खात्याचा खर्च मात्र साठलेल्या पैशातून कापत राहतो. हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो. मासिक असेल तर मे महिन्याच्या हिशोबातून दोन हप्त्यांचे पैसे खात्यात आधीच टाकून ठेवा. मध्येच बाहेर पडलात तर फक्त आपले पैसे आणि त्यावरची कमाई, खर्च वजा जाता, परत मिळते.

बोटमालकांसाठी एक सांगणं. 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्यांना नवीन खातं मिळत नाही, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना हे लागू नसेल. पण तुमच्या खलाशांना आहे. ओडिशा, झारखंडहून आलेल्यांनाही, त्यांच्या गावच्या बँक खात्यावरूनसुद्धा चालतं. पंचवीस वर्षं तुमची जाळी ओढलेला माणूस साठीला गावी कसा जाणार, याचा विचार सीझनच्या हिशोबाला बसताना करा. नवरा-बायको दोघांची वेगळी खाती होतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. मासळीच्या टोपलीवर घर चालवणाऱ्या बाईचं नाव फक्त वारस म्हणून का असावं?

ज्यांचं खातं आहे त्यांनी पासबुकावर ताजी नोंद करून घ्यावी आणि कापला जाणारा आकडा व वारसाचं नाव बघून घ्यावं. आकडा कळत नसेल तर पासबुक आणि आधार घेऊन सोसायटीत या, संध्याकाळचा लिलाव उरकल्यावर आम्ही बसलेले असतो.