माळाचा श्वास

माळावर काय असते? गवत, कुसळे आणि दगड. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नाहीतर 'पड' असा शब्द आला की आपल्या मते त्या जमिनीचा निकाल लागला. पण माळ मेलेला नाही. तो श्वास घेतो आणि श्वास सोडतो. कसा, ते आज पाहू.

हवेत अनेक वायू मिसळलेले आहेत. प्राणवायू आपल्याला ठाऊक आहे. दुसरा एक आहे कार्बन डायऑक्साइड. त्याला आपण कर्बवायू म्हणू. आपण उच्छ्वास सोडतो त्यातून तो निघतो. चूल, कंदील, मोटार यांतूनही निघतो. दहा हजार भाग हवेत तो चार भागांहून थोडासाच जास्त आहे. अडीचशे वर्षांपूर्वी तो तीन भागही नव्हता. माणसाने दगडी कोळसा आणि तेल जाळले, जंगले तोडली, म्हणून तो वाढला. हा वायू घोंगडीसारखा आहे. पृथ्वीची ऊब तो बाहेर जाऊ देत नाही. घोंगडी जाड झाली तसा उष्मा वाढला. म्हणून हा वायू कोण घेतो आणि कोण सोडतो, याचा हिशेब आता ठेवावा लागतो.

श्रावणात माळावर जा. कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याला लागतात. या गवताच्या पात्याला बारीक छिद्रे असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून कर्बवायू आत जातो. मुळे पाणी आणतात, सूर्य उजेड देतो, आणि पात्यात साखर तयार होते. त्याच साखरेतून पाती, काड्या, बी, मुळे सगळे घडते. गवताचे वजन मातीतून आले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. वाळलेल्या पेंढीच्या वजनात निम्म्याला थोडा कमी असा कर्बच असतो, आणि तो हवेतून आलेला असतो. ज्वारी, बाजरी, ऊस ही याच गवताची भावंडे बरे का! भर उन्हात, थोड्या पाण्यात हवेतला कर्ब ओढण्याची यांची रीत खास आहे. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसावर काम करून 1966 साली ती उलगडून दाखवली.

आता एक ठोंब पहारीने खणून काढा. वर मूठभर गवत, खाली मुळांचे जाळे. झाड आपली बरीचशी दौलत खोडात आणि फांद्यांत ठेवते. गवत ती जमिनीत पुरते. दरवर्षी काही मुळे मरतात. गांडुळे, बुरशी आणि सूक्ष्म जंतू ती खातात. त्यातला काही कर्ब मातीच्या कणांना काळसर होऊन चिकटतो. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' लिहितात तो हाच. साऱ्या जगाचा विचार केला तर हवेत आणि झाडाझुडपांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक मातीत आहे.

हा झाला श्वास घेण्याचा भाग. सोडण्याचे काय? रात्री उजेड नसतो. तेव्हा गवतही आपल्यासारखाच कर्बवायू सोडते. मातीतले जंतू तर रात्रंदिवस सोडतात. कुणाला पटत नसेल तर करून पाहावे. खायचा चुना पाण्यात कालवून ठेवा. चुना खाली बसला की वरची निवळी दोन वाट्यांत घ्या. दोन सारख्या बरण्या आणा. एका बरणीत गवताखालची ओलसर माती दोन मुठी घाला. दुसरी रिकामी ठेवा. प्रत्येकीत एक वाटी ठेवून झाकणे घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी मातीच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय जास्त जाड दिसेल. कर्बवायू आणि चुना यांची ती साय. भिंतीला लावलेला चुना पक्का होतो तोही हवेतला हाच वायू घेऊन.

माळाचा हा श्वास ऋतूप्रमाणे बदलतो. वैशाखात माती भाजून निघते. जंतू काही मरतात, काही निपचित पडतात. मग मृगाची पहिली सर येते. जंतू एकदम जागे होतात. मेलेले जंतू, मुळे, काडीकचरा यांवर ते तुटून पडतात. गवताला अजून पाते फुटलेले नसते. त्यामुळे ते काही दिवस माळ कर्बवायू नुसता सोडतच असतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने 1958 साली हे लिहून ठेवले. पुढे पाते वर आले की पारडे फिरते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत जमा मोठी. दसऱ्यानंतर माळ पिवळा पडतो आणि श्वास मंदावतो.

वर्षाचा हिशेब केला तर जुन्या, न मोडलेल्या माळाची जमा आणि खर्च जवळजवळ सारखे येतात. दुष्काळात खर्चच जास्त. मग फायदा काय, असे कोणी विचारील. फायदा शिलकीचा आहे. अनेक पिढ्यांची पुंजी खाली मातीत आहे, ती उधळू नये, एवढेच.

उधळते कशी? सगळ्यात आधी नांगराने. माती उघडी पडते, वारा आत शिरतो, आणि जंतू साठलेला कर्ब खाऊन हवेत सोडतात. अमेरिकेच्या मधल्या भागात मोठमोठी कुरणे होती. ती नांगरल्यावर काही दशकांतच पुष्कळ ठिकाणी मातीतला तिसरा हिस्सा कर्ब निघून गेला. शेती नको असे मी म्हणत नाही, पोट आहे ना! पण वीतभर मुरमाड माळ फोडून दोन-चार वर्षे पीक येते, पुढे ना पीक ना गवत.

वणव्याने वरचे गवत तासाभरात हवेत जाते. मुळे मात्र वाचतात, आणि पाऊस चांगला झाला तर गेलेले पुष्कळसे परत येते. पण उघडी राख आणि माती पावसाने वाहून जाते, ते नुकसान खरे.

चराई ही माळाची वैरी नव्हे. काळवीट आणि धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आली. पण पाते फुटताच खाल्ले, पुन्हा फुटले, पुन्हा खाल्ले, तर गवत मुळांतली साखर खर्चून टाकते आणि मुळे आखडतात. म्हणून पावसाळ्यात कुरणाला विसावा द्यावा, आणि मग आळीपाळीने चारावे. हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून घरी न्यायचे ठरवले. चारा वाढला.

आणखी एक गोष्ट, जी सांगितली की लोक रागावतात. माळावर खड्डे खणून सरसकट झाडे लावणे बरे नव्हे. खणताना पुंजी उघडी पडते, सावलीने गवत मरते, आणि कमी पावसाच्या मुरमात झाडही खुरटते. माळढोकासारख्या पक्ष्याला तर मोकळे गवतच लागते. कडुनिंब, चिंच, आंबा गावात लावा, बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला तर 'तिथे काहीच नाही' असे कोणी म्हणेल. त्याला ठोंब उपटून मुळे दाखवावीत.

लिहा :
आपल्या माळावरच्या चार गवतांची नावे लिहा. नावे येत नसतील तर मेंढक्याला विचारा.
पहिल्या पावसात माळ कर्बवायू का सोडतो, ते तीन ओळींत लिहा.