शिफारसपत्र मागितले तर

परीक्षांचे निकाल लागले की बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दारी मुले येतात. कुणाला वर्तणुकीचा दाखला हवा असतो, कुणाला अर्जात नातेवाईक नसलेल्या दोन परिचितांची नावे भरायची असतात. बहुतेकांना आम्ही आनंदाने सही देतो. अडचण येते ती ज्याच्याविषयी चांगले लिहिता येत नाही त्याची.

बँकेत पूर्वी नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागे. काउंटरवर भेटलेल्या अनोळखी माणसासाठीही सही ठोकणारे खातेदार आम्ही पाहिले आहेत. 2012 साली रिझर्व्ह बँकेने अशा ओळखीचा आग्रह धरू नये असे बँकांना कळविले. आता कागदपत्रे चालतात. पण सचोटीची साक्ष आधार कार्ड देत नाही. कर्जाला जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शिफारसपत्रात आपल्या खिशाला झळ नाही, म्हणून हात सैल सुटतो. झळ लागते ती पुढच्या प्रामाणिक मुलाला, ज्याच्या पत्रावर मग कुणी विश्वास ठेवीत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला. आमच्या अभ्यासिकेची वर्गणी तो गोळा करी. तीन महिने हिशेब दिला नाही. विचारल्यावर रक्कम भरली, पण पावतीपुस्तक काही सापडले नाही. आता त्याला पतसंस्थेत रोखपालाच्या जागेसाठी पत्र हवे होते. घरी आई एकटी कमावती. दोन ओळींनी घर उभे राहत असेल तर लिहावे, असेही वाटले. आम्ही दोन दिवस त्याला टाळले. ही मात्र आमची चूक. त्याची मुदत त्यात सरत होती.

तिसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बोलावून सांगितले की, पैशाच्या कामासाठी शिफारस करता येणार नाही.

"काका, पैसे तर भरले ना?"

"भरलेस. पण पावत्या कुठे आहेत?"

तो गप्प झाला. अशा वेळी कोरडे पत्र बंद पाकिटात देऊन मोकळे व्हावे, असे काही जण सुचवितात. ते आम्हाला पटत नाही. मुलगा ते विश्वासाने नेतो आणि आपण कुठे कमी पडलो हे त्याला कधीच कळत नाही. उलट, केवळ ऐकीव गोष्टीवरून कुणाला नकार देणेही बरे नव्हे. तिथे 'आमची पुरेशी ओळख नाही' एवढेच म्हणावे.

विद्यार्थी मित्रांनीही टाइप केलेला कागद सहीसाठी पुढे सरकवू नये. 'माझ्याविषयी चांगले लिहू शकाल का?' असे आधी विचारावे, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.

तो लहान मुलांचे गणित मन लावून घेई. शिकवण्याच्या कामासाठी तेवढे लिहून देऊ म्हटले, तर रागाने निघून गेला. त्याची आई वर्षभर आमच्याशी बोलली नाही. दोन वर्षांनी तो एका शिकवणी वर्गासाठी पत्र मागायला आला. आम्ही पाहिले होते तेवढे लिहिले. हिशेबाविषयी त्यात काही नव्हते, आणि त्यानेही ते मागितले नाही.