पिशवी काढण्यापूर्वी चार प्रश्न



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच फडातला आहे.

बीडकडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक! देशभरात २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

असे का व्हावे? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल अंगावर, एक दिवस पडला की खाडा. फडावर ना आडोसा, ना पुरेसे पाणी. पाळीतही मोळ्या वाहायच्या. त्यातून अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते. दवाखान्यात गेले की "पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल" हे ऐकून बाई घाबरते आणि टेबलावर जाते.

उसाला केवडा पडला तर आपण ऊस उपटतो का? आधी कारण शोधतो. इथेही तसेच. पांढरे जाणे बहुधा जंतुसंसर्गाने होते व औषधाने बरे होते. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया लागते. तिथे टाळाटाळ नको. पण उगाच काढू नये. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी अकाली कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात.

म्हणून बाईने स्वतः डॉक्टरांना विचारावे:

१) मला नेमका आजार कोणता? तपासणीचा कागद दाखवा.
२) औषधाने बरे होईल का?
३) थांबले तर काय होईल?
४) अंडाशय ठेवणार की काढणार?

उत्तर पटले नाही तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. अंगठा किंवा सही तिने समजून करावी. नवऱ्याने, सासूने, मुकादमाने तिच्या वतीने ठरवू नये.

सभासदांनी आपल्यापुरते एवढे करावे : तोड आली की फडाशेजारी आडोसा आणि पाण्याची सोय करावी, पाळीच्या दिवसाचा खाडा धरू नये म्हणून मुकादमाला सांगावे. आणि हे चार प्रश्न टोळीतल्या बायकांना व आपल्या घरातही वाचून दाखवावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी