मेअखेरची परसबाग: आधी उन्हाचे दिवस मोजा, मग माल ठरवा



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "परसात दुधी, दोडका, भेंडी आहे, रातांब्याची दोन झाडं आहेत, रायवळ आंबा तर पायाखाली येतोय. यातून धंदा होईल का? आणि सुरुवात कशापासून करू?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर उरकलं, ते अपुरं होतं. म्हणून आज नीट लिहितेय. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यामुळे उदाहरणं कोकणातली येणार. घाटावरच्यांनी रातांब्याच्या जागी आपल्याकडचं फळ धरा, हिशेब तोच.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्याच वर्षी मी चाळीस किलो रातांबे आमसुलांसाठी फोडले. तारीख 27 मे. साली गच्चीवर पसरल्या, रसात बुडवून पुन्हा वाळवल्या, अशी तीन पुटं झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला आणि पुढचे चार दिवस आभाळ उघडलंच नाही. सालींवर बुरशी धरली, सगळा माल माडाच्या आळ्यात गेला. त्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेतलेले! ते परत केले, पण त्यांनी पुन्हा फोन केला नाही. चूक कुठे झाली? मी फळं मोजली, मीठ मोजलं, बरण्या मोजल्या. ऊन मोजलं नाही.

या दिवसांत आपला खरा कच्चा माल ऊन आहे, आणि तो रोज कमी होतोय. मृग 7-8 जूनला लागतो, पण वळवाचा भरवसा मेच्या शेवटच्या आठवड्यात नसतोच. म्हणून हातातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: तुला किती दिवस कडक ऊन लागणार? आमसुलांना रीतसर सात पुटं द्यायची तर आठेक दिवस लागतात. आंब्याचं साठं किंवा बरक्या फणसाची पोळी पातळ पसरली तर चार-पाच दिवसांत उलटते. बियांना पाच-सहा दिवस, तेही कोवळं ऊन. आगळाला शून्य! फोडलेले रातांबे आणि मीठ थराथरानं काचेच्या बरणीत भरायचे, रोज लाकडी पळीनं ढवळायचं, आठवडाभरानं गाळायचं. बाहेर पाऊस पडो नाहीतर गारा. आता मी 20 मेपर्यंत उतरलेल्या रातांब्यांची आमसुलं करते, त्यानंतरच्या फळांचं फक्त आगळ. झाड तेच, फळ तेच, तारखेप्रमाणे माल बदलतो. बिया फेकू नका, धुऊन सुकवा, त्यांचं मुठेल निघतं. भेगाळलेल्या टाचांसाठी लोक ते मागून नेतात.

आता बियाणं. इथे जरा थांबून वाचा, कारण फळाचा माल बिघडला तर लगेच कळतं, बी बिघडलं तर दीड महिन्यानं कळतं, आणि तेव्हा गिऱ्हाईक तुमच्या दारात असतं.

पहिली गोष्ट, कशाचं बी धरायचं? बाजारातून संकरित बी आणून लावलं असेल तर त्याच्या फळातलं बी विकू नका. पुढची पिढी आईसारखी निघत नाही, दहा वेल दहा तऱ्हेचे होतात. देशी, सरळ वाणाचंच बी धरा. त्यातही शेजारी काय लावलंय ते बघा. दुधी आणि दोडका एकमेकांत मिसळत नाहीत, पण लांब दुधी आणि गोल दुधी एकाच मांडवावर असतील तर बिनदिक्कत मिसळतात. मी हे पैसे देऊन शिकलेय. गोल दुधीच्या पुड्या विकल्या, एका काकूंच्या मांडवावर मधेच लांबट, मानेकडे बारीक असलं काहीतरी लोंबायला लागलं. त्या भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अगो, पुडीवर गोल लिहिलं होतंस ना?" ते जास्त लागलं. आता बियांसाठी ठेवायच्या मादी फुलावर ते उमलण्याआधीच कापडी पिशवी बांधते. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हा त्याच वाणाचं नर फूल त्यावर हातानं फिरवायचं आणि पिशवी पुन्हा बांधायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल चिंधी. ही चिंधी घरातल्यांनाही कळायला हवी, नाहीतर बियाण्याचा दुधी भाजीत जातो!

दुसरी गोष्ट, कधी काढायचं? वेलाचं पहिलं, जोमदार फळ बियांना सोडा. आपण उलटं करतो, चांगलं ते खातो आणि उरलंसुरलं बियांना ठेवतो. दोडका वेलावरच वाळून हलवल्यावर खुळखुळला पाहिजे. भेंडीला उभ्या चिरा दिसल्या पाहिजेत. वळीव येणार असं वाटलं तर वाळत आलेली फळं काढून पडवीत टांगा. भिजलेल्या बोंडात बी काळं पडतं. वाळवताना सकाळचं ऊन, दुपारी सावली. तापलेल्या पत्र्यावर बी टाकलं की ते वाळत नाही, भाजतं. नंतर चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात.

तिसरी गोष्ट सगळेच टाळतात: उगवण तपासणी. डब्यातून न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठव्या-दहाव्या दिवशी मोजा. माझा नियम असा: सत्तरच्या खाली आलं तर तो डबा विकायचा नाही, घरी दाट पेरायचा. पुडीवर वाण, बी धरल्याचा महिना आणि शंभरात किती उगवले हा आकडा लिहा. हा आकडा लिहायला लागल्यापासून "नक्की येईल ना हो?" हा प्रश्नच बंद झाला. घरच्या बियांना मोल असतं का, असं कुणी विचारलं तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सांगा. गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

कायद्याचंही बघून घ्या. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. दुसऱ्यांकडून बियाणं घेऊन दुकान मांडायचं असेल तर विक्रीचा परवाना लागतो, तालुका कृषी कार्यालयात विचारा. साठं, आगळ, आमसुलं हे खाण्याचे पदार्थ, त्यांना घरगुती पातळीवरही एफएसएसएआयची नोंदणी हवी.

फांद्यांची गोष्ट उलटी. त्यांना ऊन नको, पाऊस हवा, म्हणून घाई नको. शेंगा संपल्यावर शेवग्याच्या मनगटाएवढ्या जाड, हातभर लांब फांद्या तोडा, चीर सुकेपर्यंत सावलीत उभ्या ठेवा आणि दोन सरी पडल्या की लावा किंवा विका. जास्वंद, मोगरा, अनंत यांच्या पेन्सिलीएवढ्या फांद्या, तीन-चार डोळे, खालची पानं काढून पिशवीत. मुळं धरेपर्यंत विकू नका. पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही, नवखे इथेच फसतात. कढीलिंबाच्या फांद्यांच्या मागे लागू नका, सहसा धरत नाहीत. बुंध्याशी आलेले फुटवे मुळांसकट वेगळे करा. आणि रातांब्याची बियांपासून केलेली रोपं "फळ देईल" म्हणून विकू नका. रातांब्यात नर झाड वेगळं असतं, गिऱ्हाईक सात-आठ वर्षं पाणी घालेल आणि झाड नर निघेल. फळ हवं असणाऱ्याला कलमच घ्यायला सांगा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण अमृता' आहे.

शेवटी पैसे. "आंबे घरचेच, म्हणजे फुकट" हे वाक्य मला वर्षाला निदान पन्नासदा ऐकू येतं. मग साठ्याचा हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे घाला. दहा किलो रायवळ, बाजारात 30 रुपये किलोनं विकले असते तर 300. अर्धा किलो साखर 25. प्लास्टिक, पिशव्या, लेबल 60. रस काढणं, पसरणं, रोज आतबाहेर करणं, उलटणं, कापणं मिळून सहा तास, तासाला 60 धरले तर 360. झाले 745. हाती साठं येतं साधारण दीड किलो, म्हणजे किलोला जवळजवळ 500 रुपये खर्चच. आणि आपण शेजारणीला 400 नं देऊन खूश! त्या ताईंनी हा हिशेब केला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गेली तीन वर्षं मी पदरचे घालत होते."

यात एक वाट सुटते ती कोयींची. कोय वाळली की उगवत नाही, आणि रोपवाटिकांना कोयकलमासाठी नेमक्या जूनमध्येच ताज्या कोयी लागतात. रस काढला त्याच आठवड्यात जवळच्या रोपवाटिकेला फोन करा, भाव विचारा, पोत्यात भरून पाठवा. दर फार नसतो, पण पिशव्या-लेबलांचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

आजचा गृहपाठ: कॅलेंडर काढा, आजपासून मृगापर्यंतचे दिवस मोजा, त्यातले निम्मेच उन्हाचे धरा. समोर परसातल्या वस्तू लिहा आणि ज्यांना त्याहून जास्त ऊन लागतं त्यांच्यावर काट मारा. यादीचा फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या तीन यादींचे भाव आपण मिळून काढू.