सीताफळाचा गर शिजवावा का?

प्रश्न : घरी स्लो कुकर आणला आहे. धारूरची सीताफळं भरपूर आली आहेत. दुधात गर घालून रात्रभर ठेवला, तर सकाळी गरम बासुंदी तयार मिळेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तयार मिळेल, पण कडू. सीताफळाचा गर साधारण ६५ अंशांच्या पुढे तापला की कडवट होतो, रंगही तपकिरी पडतो. स्लो कुकर मंद म्हटला तरी काही तासांत त्याच्या कितीतरी पुढे जातो. बालाघाटच्या डोंगरातल्या ज्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे असे हाल करू नका.

शिवाय कुकरचं झाकण वाफ फारशी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे दूध फारसं आटतही नाही. एक लिटर दूध पसरट कढईत निम्मं आटवा, साखर घाला, पूर्ण गार करा आणि मगच दोन मोठ्या फळांचा गर मिसळा. बिया हाताने काढा. मिक्सरमध्ये एकही जाता कामा नये, त्या विषारी असतात.

गरमच खायचं असेल तर कुकरमध्ये पेरू घाला. बिया काढलेल्या फोडी, गूळ, दोन लवंगा, चिमूटभर सुंठ आणि अर्धी वाटी पाणी, एवढं पुरे. मंद आचेवर दोन-तीन तासांत फोडी मऊ होतात. यात दूध मात्र घालू नका, फाटेल. वर साजूक तूप सोडा.